एकतिसाव्या भागातला धूर

१५ मे १९८२
तोक्यो

दादा,

तुझा पत्ता मला कुणी दिलेला नाही. तुझ्या धुराने दिला.

पत्राच्या सुरुवातीला हवापाण्याच्या दोन ओळी लिहायची आपली रीत आहे, ती आज राहू दे. फेब्रुवारीत तू स्टुडिओतल्या टेबलावर अर्धवट चित्रं टाकून निघून गेलास, त्यानंतर ना फोन ना चिठ्ठी, आणि मी तुला रस्त्याकडेची फुलं कशी फुललीत ते कळवू? ते आई कळवेल. म्हणजे मी तिला पत्ता दिला तर. अजून दिलेला नाही.

तुमच्या 'तारासेतू' चित्रमालिकेचा एकतिसावा भाग लागला, त्या शुक्रवारी मी मासिकाच्या कार्यालयात टीव्हीसमोर बसले होते. पुढच्या अंकात त्या मालवाहू यानाचा आडवा छेद छापायचा आहे. आमच्या वाचकांना इंजिन कुठे, स्वयंपाकघर कुठे हे कळलंच पाहिजे, एक शौचालय चुकीच्या बाजूला गेलं तर पोतंभर पत्रं येतात. तर ते यान चंद्रामागच्या गोदीत फुटलं आणि धूर निघाला. (अवकाशात धूर कसा, असं दर महिन्याला कुणीतरी विचारतं आणि 'तो धूर नसून गळणारा वायू आहे' असं आम्ही दर महिन्याला छापतो. ते उत्तर तूच मला एकदा सुचवलं होतंस, हसत हसत.)

बाकीचे लोक धूर नुसता फुगवतात. तुझा धूर आधी आत ओढला जातो, तिथे जरासा थबकतो आणि मग उलगडतो. मी टेप मागे नेली, पुन्हा लावली, पुन्हा मागे नेली. आमचे मुख्य संपादक हिरामात्सुसाहेब आपला नेहमीचा सुका माकुल मासा चघळत म्हणाले, "इसोगाई, टेप झिजेल. यंत्र माझ्या पगारातून आलेलं नाही, पण तुझ्या पगारातून जाईल."

शेवटी नावांची पाटी सरकली. चित्रं: ओगिसो साचिए, मात्सुमोतो. तुझं नाव कुठेच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तुमच्या स्टुडिओची गाडी घेऊन गावोगावची चित्रं गोळा करत फिरतो, त्या माणसाला मी बरोबर कोपऱ्यात गाठलं. मात्सुमोतो शहरात सोयाबीनच्या मिसोच्या दुकानावरच्या माडीवर ओगिसोबाई चार-पाच माणसं घेऊन चित्रांचं काम करतात, तिथे थंडीत एक नवा माणूस आलाय, म्हणाला. बोलत नाही, दिवसातून दोनदा सार्वजनिक स्नानगृहात जातो आणि पेन्सिली चाकूनेच तासतो. मी म्हटलं, झालं, सापडला.

आता आईचं ऐक. तिला यंत्रमानव आणि ग्रह यातलं काही कळत नाही, हे तुला माहीत आहे. पण दर शुक्रवारी साडेपाचला ती भिंग घेऊन टीव्हीला नाक लावून बसते, शेवटी नावं सरकतात ती वाचायला. मार्चमध्ये तिने मला विचारलं, "शुनसाकुचं नाव हल्ली बारीक छापतात का गं?" मी हो म्हटलं. तेव्हापासून ती चष्म्याचा नंबर वाढवून घ्यायचं म्हणते आहे.

तुझा राग कशावर आहे ते मला ठाऊक आहे. गेल्या नोव्हेंबरच्या अंकातली आठ रंगीत पानं, 'धूर काढणारा माणूस', ती मी लिहिली. त्यात एक शब्द जरी खोटा असेल तर बोट ठेवून दाखव. यंत्रमानवाची उंची, वैमानिकाचा रक्तगट, खलनायकाच्या कुत्र्याचं नाव, सगळं आम्ही छापतो. ते ज्याच्या हातून कागदावर उतरतं त्या माणसाला कुणीतरी छापायला नको होतं का? सहीसाठी पांढरे पुठ्ठे घेऊन पोरं तुझ्या फाटकाशी उभी राहिली, यात माझा काय दोष? स्टुडिओतले म्हातारे "आले आपले धूरमहाराज" म्हणायला लागले, ती त्यांची जळजळ. पण तू नूडल्सच्या गाड्यावर माझ्याकडे न बघता म्हणालास, "तू मला मासिकात छापलंस, तामी. आता सगळे मला तिथेच शोधतात. मी काय काढायला बसलो तरी आधी 'इसोगाईचा धूर' कसा असतो ते आठवावं लागतं." आणि वाटीतला रस्सा तसाच टाकून उठलास. त्यानंतर आपण बोललो नाही.

एक ओळ लिही. बरा आहे, एवढीच.

तामिको


३ जून १९८२
तोक्यो

दादा,

उत्तर नाही. पोस्टमनची सायकल वाजली की मी जिन्यात जाऊन उभी राहते, वीजबिलं आणि देवळाची वर्गणी तेवढी येते.

आज मात्र घाई आहे, म्हणून रुसवा बाजूला ठेवून लिहिते आहे. तोत्तोरीहून एक पत्र आलं. मोरिवाकी नात्सुए नावाची मुलगी आहे, शाळेत आठवीला. घरात टीव्ही एक, आणि त्याच्यावर वडिलांचं बेसबॉल. ते त्या दिवशी कुणाच्या तरी वर्षश्राद्धाला गेले म्हणून तिला एकतिसावा भाग बघायला मिळाला, तोही एकदाच. आणि तिने पत्राच्या मागे पेन्सिलने तो धूर काढून पाठवलाय, चार टप्प्यांत, थबकतो ती जागासुद्धा. खाली लिहिलंय, "हा हात इसोगाई शुनसाकु यांचा आहे. पाटीवर त्यांचं नाव का नाही? ते आजारी आहेत का?" मी टेप मागेपुढे करून जे ओळखलं ते या मुलीने एका नजरेत ओळखलं. मला तिचा हेवा वाटला आणि अभिमानही वाटला, कारण ही नजर तिला आमच्याच पानांनी दिली आहे.

वाचकांची पत्रं माझ्याकडे असतात, पण हिरामात्सुसाहेब गठ्ठ्यात हात घातल्याशिवाय राहत नाहीत. त्यांनी ते उचललं, वाचलं, माझ्याकडे बघितलं. मला चेहरा सांभाळता येत नाही, हे तू लहानपणापासून म्हणत आलास. ते टेबलावर थाप मारून म्हणाले, "हरवलेला हात सापडला."

आता त्यांचा बेत असा. जुलैच्या दहाला ऑगस्टचा अंक येईल. त्यात या मुलीला उत्तर छापायचं की तुझी नजर बरोबर आहे, इसोगाई मात्सुमोतोत आहेत, सविस्तर पुढच्या अंकात. मग छायाचित्रकार घेऊन तिकडे यायचं आणि सप्टेंबरच्या अंकात सोळा पानं. तुझी खोली, तुझं टेबल, तुझ्या चाकूने तासलेल्या पेन्सिली. पहिल्या पानावर दुमडलेलं मोठं चित्र, भिंतीला लावता येईल असं.

शिवाय एकटे आम्हीच नाही. आमच्यासारखी मासिकं आता पावसाळी छत्र्यांसारखी उगवलीत. त्यातल्या एकाचा माणूस, तो भडक कोटवाला, परवा तुमच्या स्टुडिओत त्याच गाडीवाल्याला चहा पाजत होता. तो आज नाही तर उद्या मात्सुमोतोची गाडी धरेल. त्याला तुझ्याबद्दल काडीचं प्रेम नाही. तो तू पळून का गेलास तेवढंच विचारेल आणि उत्तर दिलं नाहीस तर स्वतःच रचेल.

म्हणून सांगते, माझ्याशी बोल. मी मोजकं लिहीन, सोळाची सहा पानं करून घेईन, खोलीचा फोटो घेऊ देणार नाही. कुणीतरी येणारच आहे. निदान ओळखीचं माणूस आलेलं बरं.

मला बसवत नाही, झोपवत नाही. कालपासून तीनदा स्टेशनवर जाऊन वेळापत्रक बघून आले. तू नको म्हणशील या भीतीने तिकीट काढत नाही.

तामिको


२० जून १९८२
उएनो, बागेतल्या बाकावर

दादा,

तू माझं पहिलं पत्र परत पाठवलंस. नव्या पाकिटात, नीट घडी घालून. मी एवढी खूश झाले की पाकीट फोडताना पत्रही फाडलं. आणि आत माझंच अक्षर. शेवटच्या पानाखाली तुझी पेन्सिलीतली एक ओळ: "हे बहिणीने लिहिलं की मासिकाने?"

मी कार्यालयातून तशीच बाहेर पडले. कान्दा भागातून चालत सुटले, कुठे जायचं ते ठरवलं नव्हतं. एका दुकानदाराला धक्का लागला, त्याचे संत्र्याचे डबे पडले, ते उचलून देताना मी त्याच्यावरच ओरडले. तुझ्यावर ओरडता येत नाही ना. एका ओळीत माणसाला तोंडात मारावं ते तूच.

तर ऐक. ते पत्र मी लिहीत होते तेव्हा हिरामात्सुसाहेब माझ्या खुर्चीमागे उभे होते. "संपादक म्हणून लिहू नकोस, बहीण म्हणून लिही, उत्तर येईल," असं ते म्हणाले होते. मी ते तुला लिहिलं नाही. एकतिसावा भाग बघताना मी एकटीच चमकले असंही मी भासवलं. त्यांनीही ओळखलं होतं, कदाचित माझ्याआधी. त्या मुलीचं पत्र त्यांना फक्त निमित्त म्हणून हवं होतं. आईच्या भिंगाची गोष्ट खरी आहे आणि ती घालायला मला कुणी सांगितलं नव्हतं. ती मी घातली, कारण ती तुला लागेल हे मला माहीत होतं. हे कुणी केलं, बहिणीने की मासिकाने? तूच सांग. मला खरंच सांगता येत नाही.

तुला हे सोपं वाटतं. तुझ्या मते एक तामी होती, घरातली, आणि मग तिला मासिकाने गिळलं. पण मी तुझ्याकडे बघायला शिकले तीच चित्रांतून. माझ्या शाळेच्या पुस्तकांच्या कोपऱ्यात तू धावणारी माणसं काढून ठेवायचास, पानं फडफडवली की ती पळायची. बाई मला उभं करायच्या आणि मी तुझं नाव सांगायची नाही. तेव्हापासून मला वाटतं की हे कुणीतरी जगाला दाखवायला हवं. घरात तू बोलायचास कुठे? बाबा गेले त्या आठवड्यातही तू गप्प होतास. पण त्यानंतर तुझ्या पडद्यावरच्या माणसांचे खांदे उतरलेले दिसायला लागले, आणि ते आम्ही कुणी घरात ओळखलं नाही, मी एकटीने पडद्यावर ओळखलं. माझ्याकडे तुला वाचायची हीच एक भाषा आहे. तीही आता काढून घेतोस?

मला तू हवा आहेस. मासिकालाही तू हवा आहेस. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही माझ्याच पोटात आहे. हे पत्र कुणी पाहिलेलं नाही. माझ्या मांडीवर लिहिते आहे, समोर कबुतरं आहेत आणि एक आजोबा त्यांना शिव्या देत दाणे टाकताहेत.

तू येऊ नको म्हणतोस का? तेवढं तरी लिही. हो किंवा नाही.

तामिको


११ जुलै १९८२
तोक्यो

दादा,

अंक काल आला. तिकडे एक-दोन दिवसांनी पोचेल. वाचकांच्या पत्रांचं पान उघड, खालून दुसरं. मोरिवाकी नात्सुएला आमचं उत्तर असं आहे:

"एकतिसाव्या भागातला हा प्रसंग मात्सुमोतोच्या ओगिसो साचिए यांनी काढला आहे. इसोगाई यांच्या कामाचा त्यांनी मनापासून अभ्यास केलेला दिसतो. इसोगाई सध्या विश्रांती घेत आहेत."

हे मी लिहिलं. हिरामात्सुसाहेबांनी लिहिलेलं वेगळं होतं.

कसं केलं ते सांगते, कारण ते सांगायला मला दुसरं कुणी नाही. अंक छपाईला जाण्याआधी आम्ही संपादक छापखान्यातल्या त्या कोंदट खोलीत जाऊन बसतो आणि शेवटची पानं तपासतो. तिथे जे लाल शाईने बदललं ते थेट यंत्रावर जातं, पुन्हा कुणी बघत नाही. म्हणून तिथे हात लावायचा तो फक्त चुकलेल्या अक्षराला, असा नियम आहे, आणि तो आजवर कुणी मोडल्याचं मी ऐकलं नाही. साहेब जेवायला खाली गेले. मी त्यांच्या तीन ओळी खोडून त्याच मापाच्या तीन ओळी बसवल्या, अक्षरं मोजून, म्हणजे पान हलणार नाही आणि खिळे जुळवणारा जुळारी विचारायला येणार नाही. ते दात कोरत परत आले तेव्हा पान गेलेलं होतं. त्यांनी मला भाताचा गोळा आणला होता, आलुबुखार घातलेला. तो मी खाल्ला.

काल अंक हातात पडल्यावर ते ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले नाहीत. दार लावून घेतलं आणि म्हणाले, "मासिक स्वतःचं म्हणणं पुढच्याच महिन्यात खोटं पाडू शकत नाही, हे तुला माहीत होतं." मी हो म्हटलं. "आणि बहीण सांगते म्हटल्यावर बाकीची मासिकंही मानतील, हेही माहीत होतं." त्यालाही हो म्हटलं. मग म्हणाले, "तू चांगली संपादक आहेस, इसोगाई. म्हणून जास्त राग येतो." सोमवारपासून मी बक्षिसांची पोस्टकार्डं लावायची आणि वाचकांचे फोन घ्यायचे. लिहायचं काम काढून घेतलंय.

भडक कोटवालाही आता मात्सुमोतोचा नाद सोडेल. आता कुणी येणार नाही. तू काढ तुझी चित्रं, जा दिवसातून दोनदा स्नानगृहात. तुला हेच हवं होतं ना?

मग मला चैन का नाही ते सांग. मी तुला वाचवलं असं स्वतःला बजावते आणि पाच मिनिटांत पुन्हा उठून खोलीत येरझाऱ्या घालते. एक कारण मला सापडलंय. तोत्तोरीची ती मुलगी. तिने बरोबर ओळखलं आणि एका मासिकाने, ज्याला ती देवासारखं मानते, तिला सांगितलं की तुझी नजर चुकली. ती यापुढे आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवेल का? तुझ्या एकांताचं भाडं त्या पोरीने भरलं. आणि तुझं इतकं सुंदर काम मी दुसऱ्याच्या नावावर करून टाकलं. तू निघून गेलास तेव्हा मला राग आला होता, पण रडू आलं नव्हतं. काल ते पान छापलेलं बघून आलं.

तामिको


२९ जुलै १९८२
तोक्यो, तातडीच्या टपालाने

दादा,

परवा फोनवर मी नीट बोलले नाही. खोलीत सातजण होते, समोर पोस्टकार्डांचा डोंगर होता आणि साहेबांचं दार उघडं होतं. जे झालं ते पुन्हा लिहून काढते, म्हणजे मला खरं वाटेल.

संध्याकाळी वाचकांच्या फोनची वेळ. त्या आधी एका मुलाने तारासेतूवरून पृथ्वीवर यायला किती दिवस लागतात ते विचारलं, एकाला वैमानिकेचं लग्न ठरलंय का ते हवं होतं. मग हा फोन. मी नेहमीसारखं मासिकाचं नाव सांगितलं. पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज, आणि तुझा आवाज.

"तुमच्या ऑगस्टच्या अंकात चूक आहे."

मी म्हटलं, "कुठल्या पानावर?"

"वाचकांच्या पत्रांत. एकतिसाव्या भागातला धूर ओगिसोबाईंचा नाही."

मी पेन्सिल शोधायला लागले, पेन्सिल हातातच होती. मी विचारलं, "मग कुणाचा आहे?" आणि तू एकदम भडकलास. इतका वेळ तू वाचकासारखा बोलत होतास, तो वाचक कुठल्या कुठे गेला.

"माझा आहे. तू कुणाला विचारून देऊन टाकलास? मी लपलो होतो, तामी. मेलो नव्हतो."

मग तू ओगिसोबाईंबद्दल सांगितलंस. अंक आल्यापासून त्यांना रोज पोरांच्या पत्रांचा गठ्ठा येतो, मिसोच्या दुकानदाराला तो माडीवर नेऊन द्यावा लागतो म्हणून तो कुरकुरतो. आणि त्या बाई दुपारी चहा झाला की एकेका मुलाला स्वतःच्या हाताने कार्ड लिहितात, की बाळा, ते माझं नाही, ज्याचं आहे त्याला सांगेन. कुणाचं ते लिहीत नाहीत. तुला एका शब्दाने बोलल्या नाहीत. नुसती कार्डं लिहितात, तुझ्या समोरच्या टेबलावर बसून, आणि संपली की तुझ्याकडे चहा सरकवतात. हे सांगताना तुझा आवाज चिरकला. साहेब दारात येऊन उभे राहिले होते.

मी म्हटलं, "दुरुस्ती छापायची का?"

"छाप."

"छापली की सगळ्यांना कळेल तू कुठे आहेस."

"कळू दे. दोन आठवडे झाले, बसलो की हात चालतो आहे. का ते माहीत नाही. तुझं ते उत्तर वाचून इतका संताप आला की मी रात्रीचं जेवण सोडून सरळ टेबलाशी गेलो. इसोगाईचा धूर कसा असतो ते आठवायला विसरलो."

यावर मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि समोरच्या पोराने मला रुमाल दिला, बहुतेक सर्दी झाली समजून. मी विचारलं, "नाव काय छापायचं?"

"तुला माहीत नाही?"

"दुरुस्ती सांगणाऱ्याने नाव स्वतः सांगावं लागतं. मी आपल्या मनाने छापलं की काय होतं ते दोनदा झालंय."

मागे कुणीतरी कप ठेवल्याचा आवाज आला. मग तू आडनाव आणि नाव सांगितलंस, हळू, एकेक अक्षर सुटं करून, मी लिहून घेते आहे हे धरून. आणि मी लिहून घेतलं. जन्मभर तुझं नाव मी दुसऱ्यांना सांगत आले. तुझ्या तोंडून ते मी कधी ऐकलंच नव्हतं, दादा.

फोन ठेवल्यावर साहेबांनी कोण होतं ते विचारलं. मी म्हटलं, वाचक, चूक दाखवत होता. "बरोबर दाखवतोय का?" "बरोबर." "मग छापावी लागेल," ते म्हणाले, आणि दुरुस्तीचा मजकूर मला लिहायला दिला. तो असा आहे: "मागील अंकात मोरिवाकी नात्सुए यांना दिलेलं उत्तर चुकीचं होतं. तो धूर इसोगाई शुनसाकु यांचा आहे. मोरिवाकी यांनी तो अचूक ओळखला होता." त्या मुलीला मी वेगळं कार्डही टाकलं, अंक येईपर्यंत तिने कशाला वाट बघायची?

पण साहेब शेवटी साहेब. मजकूर वाचून त्यांनी मान डोलावली आणि लगेच छायाचित्रकाराला फोन लावला. सोळा पानं पुन्हा उभी राहिली आहेत. ते दोघे सोमवारी निघणार. मला म्हणाले, "तूही चल, लिहायला तूच हवीस." मी म्हटलं, मी लिहिणार नाही, दुसरं कुणी बघा. ते हसले, त्यांना वाटतं मी ऐनवेळी येईन. त्यांच्याशी बोलायचं की दाराला कडी घालायची ते तू ठरव. मला विचारू नकोस आणि मी काय म्हणेन याचा विचारही करू नकोस.

मी शनिवारी सकाळच्या गाडीने शिंजुकूहून निघते आहे. आई बरोबर आहे. तिला मी काल सगळं सांगितलं, खोटं किती दिवस बोलत होते तेही. तिने उठून तुझे उन्हाळ्याचे कपडे इस्त्री करायला घेतले, आणि ते करताना मला पाठ करून उभी राहिली.

माझ्याजवळ कॅमेरा नाही, प्रश्न नाहीत. दुपारी आम्ही मिसोच्या दुकानाचा जिना चढू.

दार उघड.

तामी